करकर

दप्तरात आमची एकच ओळ होती.
कारकुनाच्या ओल्या शाईवर वाळू टाकायचं काम माझं,
म्हणून मी ती चोरून वाचायला शिकले:
म्हैस १, रेडकू १,
कुणबीण १, पोर १.
आईचं नाव धुरपी. माझं आवडी.
ते कुठंच नव्हतं.

पाण्याचा तांब्या नेला की पाहुणे विचारत,
"कुणाची गं तू?"
आई मान खाली घालून सांगायची,
"सरकारांची."
त्या शब्दावर मी मनात कधी वाळू टाकली नाही.
ओलाच राहावा तो. पुसता यावा.

माघात धाकट्या बाईसाहेबांचं लग्न ठरलं.
दप्तरात नवी ओळ: आंदण.
समया ४, पलंग १, पोर १.
मला कृष्णेपल्याड जायचं होतं.
रेडकू मात्र म्हशीपाशीच राहणार होतं.

त्या रात्री आई जात्यापाशी नुसतीच बसली,
खुंटा हातात, दाणे सुपात तसेच.

सिदबा तळ्याच्या कडेला वहाणा शिवायचा.
मूठ-मूठ साठवलेले जोंधळे घेऊन आई त्याच्याकडं गेली.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही.
कातड्यावर आमचे पाय ठेवले,
कोळशानं भोवती रेघ ओढली.
आजवर आम्हांला डोक्यानं मोजलं होतं,
पायानं कुणीच नाही.
मला गुदगुल्या झाल्या. मी हसले.
आईनं चिमटा काढला.

"बिनआवाजाच्या शीव," ती कुजबुजली.
"न्हाई आक्का," सिदबा म्हणाला,
"करकरणाऱ्याच शिवतो.
पहारेवालं अनवाणी पाय हुडकत्यात.
ज्याची वहाण वाजती,
त्येला कोण इचारतंय?"

वेस पहाटेच्या चौघड्याला उघडायची.
म्हातारी गोदी म्हणाली, "मी दळते.
जातं गप झालं की घर जागं होतंय."
"तूबी चल."
गोदीनं टाचांच्या भेगा दाखवल्या,
त्यांत पीठ भरलं होतं.
मग ती दळू लागली.
गल्लीच्या टोकापर्यंत
ती घरघर आमच्या मागं येत राहिली.

डोक्यावरून घोंगडी,
पायांत नव्या वहाणा, बोटं सोलणाऱ्या.
करकर. करकर.
मला वाटलं, अख्खं कोल्हापूर उठणार.
गंगावेशीत शेकोटी होती, भाला होता.
करकर.
पहारेकऱ्यानं मानसुद्धा नीट वर केली नाही.
"रामराम पाव्हणं, लवकर निघालासा?"
आईनं खोकल्यासारखं काहीतरी केलं.
माझ्या जन्मात पहिल्यांदा
आमच्या पायांना कुणी रामराम घातला.

पंचगंगेला उतार होता. कमरेएवढं पाणी,
वहाणा डोक्यावर.
पलीकडं चिखलीला वंजाऱ्यांचा तांडा,
गुळाच्या ढेपा लादून बैल राजापूरला निघालेले.
तांड्यातल्या जमनीबाईनं आमच्या वहाणा पाहिल्या,
पायांचे फोड पाहिले,
आणि काही न बोलता
एका बैलाची दोरी आईच्या हातात दिली.

अणस्कुऱ्याच्या घाटात जकातीचा माणूस आडवा आला.
"ही कुणाची?"
आईचे ओठ जुन्या शब्दाकडं वळले.
मी पाहिलं ते.
मग ती म्हणाली, "माझी."
"आणि तू गं?"
आई थांबली. दरीतून खारं वारं वर येत होतं.
"हिची."
तो हसला, गुळाचा खडा तोंडात टाकला,
बाजूला झाला.

राजापूरच्या खाडीकाठी
कारकुनाच्या डबीत मावणार नाही इतकी वाळू होती.
मी बोटानं तीन नावं लिहिली.
गोदीचं आधी.
ती अजून दळत असेल, की तिला काही झालं असेल,
ते आम्हांला कधीच कळलं नाही.
नावांपुढं आकडे घातले नाहीत.

आई शेजारी बसून वहाणेतला खडा काढत होती.
"काय लिहिलंस?"
मी वाचून दाखवलं.
तिनं वहाण खाली ठेवली.
"पुन्हा वाच," म्हणाली.